नेम धरणारी औषधे आणि फेकून दिलेले पाणी

पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील एखाद्या गावची पन्नाशी ओलांडलेली स्त्री दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा तिची तक्रार ऐकून कोणीही दचकत नाही. पोट जड वाटते, दोन घास खाल्ले की तडस लागते, लुगड्याची गाठ पूर्वीच्या जागी बसत नाही, एवढेच तिचे म्हणणे असते. प्रथम आम्लपित्ताच्या गोळ्या होतात, मग शक्तीचे औषध होते. पोटाचा क्षय असावा अशा अंदाजाने क्षयावरील औषधे महिनोन्महिने चालू राहिल्याची उदाहरणेही वैद्यकीय वाङ्मयात पुष्कळ आहेत, कारण या दोन रोगांची बाह्य लक्षणे एकमेकांशी विलक्षण जुळतात. अखेर परभणीला सोनोग्राफी होते आणि पोटात पाणी झाल्याचे कळते. सुईवाटे पाणी काढले की बाईला हलके वाटते आणि घरची मंडळी तिला घेऊन संध्याकाळच्या एस. टी.ने गावी परततात. काढलेले पाणी पुष्कळदा मोरीत जाते. अंडाशयाच्या कर्करोगाचा प्रसार रोखणाऱ्या नव्या औषधांचा विचार ज्यांना करावयाचा आहे, त्यांनी त्या मोरीपासूनच प्रारंभ करणे इष्ट होय. त्या रोगाचे नाव काय, त्याचा स्वभाव कसा आणि त्याला कोणते औषध लागू पडेल, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच वेळा त्या पाण्यातच असतात.

हा रोग दुर्मिळ नव्हे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात अंडाशयाच्या कर्करोगाचे सुमारे ४७ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. या दोन आकड्यांतील अंतर किती थोडे आहे हे पाहिले म्हणजे रोगाची दाहकता ध्यानात येते. तोंडाचा, स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासणी शिबिरात सापडू शकतो. पोटात खोलवर असलेल्या अंडाशयाचा कर्करोग तसा हाती लागत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांना सहभागी करून रक्तचाचणी व सोनोग्राफी यांचा उपयोग वर्षानुवर्षे अजमावण्यात आला. त्याचा अंतिम निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. अशा तपासण्यांनी मृत्यूंची संख्या घटली नाही. मराठवाड्यात तर आणखी एका समजुतीची भर पडते. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या इतक्या सर्रास काढल्या जात होत्या की २०१९ साली बीड जिल्ह्यातील या प्रकाराच्या चौकशीसाठी राज्य शासनाला समिती नेमावी लागली. ‘पिशवी गेली, आता तिकडचा कॅन्सर कसला,’ असे त्या स्त्रियांना वाटते. परंतु पिशवी काढताना अंडाशये अनेकदा जागीच ठेवलेली असतात, आणि तरुण वयात ती ठेवणे हेच सामान्यतः योग्यही असते.

रोग उशिरा सापडतो, म्हणजे तो पसरल्यावर सापडतो. म्हणून प्रसाराचा प्रश्न येथे मध्यवर्ती ठरतो. बहुतेक कर्करोग रक्ताच्या किंवा लसिकेच्या वाहिन्यांतून दूरच्या अवयवांकडे जातात. अंडाशयाच्या कर्करोगाची मुख्य वाट निराळी आहे. त्याच्या सर्वांत घातक आणि सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचा उगम बव्हंशी अंडाशयात नसून बीजवाहिनीच्या टोकाशी होतो, असे आता मानले जाते. तेथून पेशी सुट्या होऊन पोटातील द्रवात पडतात, एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात, आणि बी फोकून पेरावे तसे ते गोळे आतड्यांवर, पोटाच्या अस्तरावर, श्वासपटलाखाली जाऊन रुजतात. आतड्यांसमोर पदरासारखा लोंबणारा जो चरबीचा पडदा असतो, त्यावर तर त्यांचा विशेष डोळा असतो. तो का, याचे एक कारण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले. त्या पडद्यातील चरबीच्या पेशींकडून कर्कपेशी स्निग्धांश उचलतात आणि त्याचे इंधन करून वाढतात. तेव्हा प्रसार रोखणे म्हणजे पेशींना सुटू न देणे, सुटल्यास पाण्यात जगू न देणे, जगल्यास चिकटू न देणे, चिकटल्यास त्यांची रसद तोडणे. यांतील प्रत्येक टप्प्यावर आज जगातील प्रयोगशाळांतून काम चालू आहे.

गेली चार दशके या रोगावरील मुख्य शस्त्र म्हणजे शस्त्रक्रिया आणि तिच्या जोडीला प्लॅटिनमयुक्त औषधे. सिस्प्लॅटिन १९७८ साली अमेरिकेत मान्य झाले. पुढे कार्बोप्लॅटिन आले आणि पॅक्लिटॅक्सेलची जोड मिळाली. ही औषधे जुनी आहेत, पेटंटमुक्त आहेत आणि त्यामानाने स्वस्त आहेत. नव्या औषधांच्या कौतुकात त्यांचा विसर पडणे घातक होय. ज्या स्त्रीची शस्त्रक्रिया नीट झाली नाही आणि प्लॅटिनमची आवर्तने अर्धवट राहिली, तिच्या हाती कितीही महागडी गोळी दिली तरी तिचा उपयोग अल्पच. पण ही औषधे पिकासकट सगळ्या रानावर फवारणी करावी तशी काम करतात. विभाजन पावणारी प्रत्येक पेशी त्यांच्या तडाख्यात सापडते. शिवाय रोग पसरल्यावर उपचार सुरू झालेल्या बहुसंख्य स्त्रियांमध्ये तो काही वर्षांत पुन्हा डोके वर काढतो.

लक्ष्यवेधी औषधे म्हणतात ती या फवारणीहून वेगळी. कर्कपेशीत जे विशिष्ट वैगुण्य आहे, नेमका त्यावरच घाव घालावा ही त्यांच्यामागील कल्पना. त्यांतील बेव्हासिझुमॅब गाठींना रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्याच्यामुळे रोग पुन्हा बळावण्याचा मध्यम काळ १०.३ महिन्यांवरून १४.१ महिन्यांवर गेला. सर्व रुग्ण एकत्र धरता आयुष्य मात्र वाढले नाही. चार महिन्यांची ही उसंत कोणी क्षुल्लक समजू नये, आणि तिला बरे होणेही म्हणू नये.

ओलापॅरिब या गोळीची कथा अधिक उद्‌बोधक आहे. पेशीतील जनुकद्रव्याचा धागा सतत तुटत असतो आणि सतत सांधला जात असतो. हे काम जणू दोन रफूगार वाटून घेतात. एक पार्प नावाचे विकर, तर दुसरा ‘बीआरसीए’ या जनुकांच्या आधाराने चालणारी दुरुस्तीची यंत्रणा. काही स्त्रियांमध्ये हे दुसरे जनुक जन्मतः सदोष असते आणि कर्कपेशीत त्याची उरलीसुरली चांगली प्रतही नाहीशी होते. ती पेशी मग एकाच रफूगारावर जगते. औषधाने त्यालाही जखडून टाकले की कर्कपेशी मरते आणि शेजारची निरोगी पेशी मात्र तगते. बीआरसीए सदोष असलेल्या ३९१ स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. पहिल्या उपचारानंतर दोन वर्षेपर्यंत ही गोळी घेणाऱ्यांपैकी तीन वर्षांनंतर सुमारे ६० टक्के स्त्रियांचा रोग बळावलेला नव्हता. ज्यांना गोळी दिली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. सात वर्षांनंतर पहिल्या गटातील ६७ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटातील ४६.५ टक्के. या रोगाच्या इतिहासात असे आकडे पूर्वी क्वचितच पाहावयास मिळाले.

या कथेत एप्रिल २००५ हा महिना फार महत्त्वाचा आहे. त्या महिन्याच्या १४ तारखेस दोन ब्रिटिश संशोधकगटांचे निबंध ‘नेचर’मध्ये आले आणि वर सांगितलेल्या युक्तीचा पाया घातला गेला. दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकन नियतकालिकात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या आवारात असलेल्या या संस्थेने संशोधनाला घेतले होते ते पोटात झालेले पाणीच. रोग बळावलेल्या एका रुग्ण स्त्रीच्या पोटातील त्या द्रवामधून पेशी वेगळ्या करून वाढविल्या असता, त्यांतील काही थोड्या पेशींमध्ये मूळपेशींसारखे सामर्थ्य आढळले. त्या गोळे करून वाढतात आणि उंदरांत टोचल्यास पिढ्यान्‌पिढ्या तोच रोग पुन्हा उभा करतात. रोग उलटून का येतो, या प्रश्नावर त्यातून नवा प्रकाश पडला. याच गटाने स्नेल आणि स्लग या दोन जनुकांवरही काम केले. नावे गोगलगायींची, कर्तृत्व मात्र त्याच्या उलट. ती जागी झाली की पेशींची आपसातील पकड सुटते आणि त्यांना जणू पाय फुटतात. किरणोपचाराला व केमोथेरपीला दाद न देण्याचा गुणही त्याच जनुकांमुळे पेशींत येतो, असे या गटाने २००९ साली मांडले.

हे काम आकाशातून पडलेले नाही. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र मुंबईत १९५२ साली उभे राहिले, त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. पेशी शरीराबाहेर जगविण्याची प्रयोगशाळा तेथे उभारली ती मूळच्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी. पेशी शरीराबाहेर वाढविण्याच्या त्याच विद्येवर पुण्याचे हे संशोधनही उभे आहे.

आता या दोन शोधांच्या पुढील वाटा पाहाव्यात. ब्रिटनमध्ये केंब्रिजच्या संशोधनातून निघालेली कुडॉस ही छोटी कंपनी पार्पला रोखणारे रेणू तयार करीत होती. २००५ च्या अखेरीस ती ॲस्ट्राझेनेका या बलाढ्य कंपनीने विकत घेतली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. स्नेल व स्लग यांच्यावर नेम धरणारे औषध अद्याप बाजारात नाही. ही तुलना पूर्णतः न्याय्य नव्हे, हे मान्य केले पाहिजे. पार्प या विकरात औषधाचा रेणू अडकविण्याजोगी खोबण आहे. स्नेल-स्लगच्या प्रथिनांत तशी सोयीची जागा सापडणे कठीण. तथापि शास्त्राची अडचण बाजूला ठेवली तरी अर्थशास्त्राची उरतेच. निबंधातील ज्ञान सर्वांचे असते, औषध मात्र कोणाच्या तरी मालकीचे असते. आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा मार्ग इतका खर्चाचा आहे की सरकारी अनुदानावर चालणारी प्रयोगशाळा तो एकटीने चालू शकत नाही.

त्याच एप्रिल महिन्यात तिसरी घटना दिल्लीत घडली. ४ एप्रिल २००५ रोजी पेटंट दुरुस्ती कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. १९७० च्या कायद्याने औषधाच्या केवळ प्रक्रियेला पेटंट मिळत असे. त्यामुळे भारतीय कारखाने निराळ्या प्रक्रियेने तेच औषध स्वस्तात काढीत. नव्या कायद्याने खुद्द औषधावरच वीस वर्षांची मक्तेदारी आली. कायद्यात पळवाटा नव्हत्या असे नाही, आणि त्या जनतेच्या बाजूच्या होत्या. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील एका औषधाचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला गेला आणि तो ८,८०० रुपयांवर आला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकच्या खटल्यात जुन्या औषधाला नवा मुलामा देऊन पेटंट लांबविण्यास नकार दिला. २०१९ साली कर्करोगावरील ४२ औषधांच्या व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा आली. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने चाललेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने निरनिराळ्या रुग्णालयांची गरज एकत्र करून ४० औषधांची सामुदायिक खरेदी केली आणि सुमारे १,३०० कोटी रुपये वाचविले. एकटा ग्राहक दुबळा असतो, शंभर ग्राहक एकत्र आले की विक्रेता भाव खाली आणतो. मोंढ्यात कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावयास नको. ओलापॅरिबच्या मूळ रेणूवरील भारतीय पेटंटाची मुदतही मार्च २०२४ मध्ये संपली आहे.

तेव्हा किंमत हाच एकमेव अडथळा आहे, हे म्हणणे दिवसेंदिवस कमी खरे होत जाणार आहे. पुढचा अडथळा नेमाचा आहे. नेम धरणाऱ्या औषधाला नेम कोठे धरावयाचा हे आधी कळावे लागते. भारतातील अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात बीआरसीएचा दोष जन्मजात असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्रीय पाहणीत दिसले. म्हणजे चारांतील एकीला ही गोळी वरदान; उरलेल्यांपैकी काहींना उपयुक्त, काहींना जवळजवळ निरुपयोगी. ती एक कोण, हे चाचणीवाचून ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. चाचणी न करता सर्वांना गोळी देणे ही सरकारी पैशाची उधळपट्टी, आणि कोणालाच न देणे हा त्या एकीवर अन्याय.

चाचणीचा हिशेब केवळ औषधापुरता करणे हीदेखील चूक होईल. बीआरसीए-१ सदोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात हा कर्करोग होण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास असते, आणि अपत्ये झाल्यावर बीजवाहिन्या व अंडाशये काढून टाकल्यास ती सुमारे चार पंचमांशांनी घटते. आईच्या रक्ताच्या एका नळीत अशा रीतीने तिच्या मुलींचे व बहिणींचेही भवितव्य लिहिलेले असते. पण खर्च कोण करतो? आपल्याकडे म्हातारीच्या आजारपणाचा खर्च मुलाच्या खिशातून होतो, आणि या चाचणीचा मोठा लाभ जिंतूरला किंवा सेलूला दिलेल्या लेकीला व्हावयाचा असतो. मुलगाही तो दोष वाहून आपल्या मुलीला देऊ शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. खर्च करणारा एक व लाभ दुसऱ्याचा, असे जेथे होते तेथे बाजार तोकडा पडतो आणि शासनाला पुढे यावे लागते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत २०२४ पासून कुटुंबामागे वार्षिक पाच लाखांचे संरक्षण आहे. तिची मूळ घडण मात्र रुग्णालयात होणाऱ्या उपचारांच्या ‘पॅकेज’भोवती झालेली आहे, घरी बसून दोन वर्षे रोज घ्यावयाची गोळी आणि धडधाकट मुलीची जनुकचाचणी या गोष्टी त्या साच्यात सहजी बसणाऱ्या नाहीत.

नेमही कायमचा टिकत नाही, हे कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नसावी. बीटी कापूस बोंडअळीवरच नेम धरून आला होता. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने त्याला जुमानले नाही आणि मराठवाडा-विदर्भातील शेतकरी बोंडे उकलून पाहत हताश बसला. कर्कपेशीही असेच करतात. सदोष बीआरसीए जनुकात दुसरा बदल होऊन ते पुन्हा कामास लागते आणि औषध निष्प्रभ ठरते, हे २००८ सालीच दिसून आले होते. केमोथेरपीची अनेक आवर्तने झालेल्या रुग्णांमध्ये या वर्गातील औषधे केमोथेरपीऐवजी वापरल्यास आयुष्य उलट घटत असल्याची शंका बळावली, तेव्हा २०२२ साली उत्पादकांनी अमेरिकेत तो वापर मागे घेतला. शेतात नॉन-बीटी बियाण्याच्या ओळी लावावयास सांगितल्या होत्या त्या कोणी लावल्या नाहीत. इथेही औषध केव्हा द्यावे आणि केव्हा थांबवावे ही शिस्त त्या गोळीइतकीच मोलाची आहे.

परभणीचे या सर्वांतील स्थान कोठे? राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात देशभरातील २८ लोकसंख्याधारित नोंदण्या आहेत. त्यांत बार्शीची ग्रामीण नोंदणी आहे, जी १९८७ साली देशात पहिलीच होती. औरंगाबाद आहे, उस्मानाबाद व बीड आहेत. परभणी नाही. जिल्ह्यात या रोगाच्या किती स्त्रिया आहेत याचा हिशेबच नसेल, तर योजनेत तरतूद कशाच्या आधारावर करावयाची? टाटा रुग्णालय १९४१ साली परळला उघडले तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. तेव्हापासून मुंबई काही जवळ आलेली नाही. रेल्वेने ती साडेपाचशे किलोमीटरांवर आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झाल्याने अंतर पावणेदोनशेवर आले, हा मोठाच दिलासा. तरीही शस्त्रक्रियेसाठी, आवर्तनांसाठी बाईने एका सोबत्यासह पुनःपुन्हा प्रवास करावयाचा, दोघांचा रोज बुडवावयाचा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का पाहावयाचे, हे चालूच आहे.

शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला जावेच लागेल. निदानासाठी मात्र रुग्ण हलविण्यापेक्षा नमुना हलविणे कितीतरी स्वस्त आहे. जन्मजात दोष तपासावयास रक्ताची एक नळी पुरते. पोटातील पाणी गाळून, त्यातील पेशींची मेणात वडी करून ठेवली तर रोग क्षय आहे की कर्करोग, आणि कर्करोग असल्यास कोणत्या जातीचा, हे बऱ्याच वेळा त्यावरून ठरविता येते. ही वडी वर्षानुवर्षे टिकते. उद्या स्नेल-स्लगवर औषध निघाले किंवा चरबीची रसद तोडणारे निघाले, तर ते कोणत्या पेशींवर चालेल हे पाहण्यासाठी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांना, रुग्णाची संमती असल्यास, तिचाच उपयोग होईल. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याला विकृतिशास्त्राचा विभाग असतोच. तालुक्याच्या दवाखान्यात काढलेले पाणी थंड ठेवून त्याच दिवशी त्या विभागाकडे पोहोचविणे यास नवी इमारत लागत नाही. एक स्वच्छ बाटली लागते, एस. टी.चे पार्सल लागते, आणि सोबत चार ओळींची चिठ्ठी: रुग्णाचे वय किती, पाणी किती निघाले, पिशवी काढली असल्यास अंडाशये ठेवली होती काय, आणि आई, मावशी किंवा बहीण अशाच आजाराने गेली होती काय.